पांढऱ्या दगडांचा वाफा

सावाई बेटावरच्या आमच्या गावात स्वतःच्या हाताने दगड न उचलता पन्नाशी गाठणे, ही एका अर्थी कर्तबगारीच मानावी लागेल. येथे जमीन म्हणजे थिजलेला लाव्हा. तारोचा, म्हणजे अळूचा, एक कंद लावायचा तरी पहारीने फट रुंद करून तीत पोत्यातली माती ओतावी लागते. एतुआतीने मात्र बायकोच्या माहेरी राहूनही ही कर्तबगारी साधली. मेहुणे पहार चालवीत तेव्हा तो चटईवर बसून वारा घेई आणि त्यांच्या हातांची पकड कशी चुकते आहे, यावर भाष्य करी. ऐकणे हा प्रकार त्याला ठाऊकच नव्हता. बिनभिंतींच्या घरात संध्याकाळची प्रार्थना संपली की घरातली माणसे जमिनीच्या तंट्याविषयी बोलत, आणि तो त्यांच्या बोलण्यातून स्वतःच्या बोलण्यासाठी वाट काढीत असे.

तंटा होता चढावरच्या वाएलुआशी. घरापुढचा तुकडा आपल्याच पूर्वजांचा, असे घरच्यांचा हा चुलतभाऊ म्हणे. कोर्टाची माणसे पाहणीला यायची होती. पण एतुआतीच्या बायकोची, सिएनीची, आत्या मोएलागी, जी त्या घराची खरी कर्ती, ती निश्चिंत होती. “म्हातारा आहे ना आपल्याकडून,” ती म्हणे, “मग वाएलुआ काय बोलणार? आणि मीही एक दिवस म्हाताऱ्याच्याच शेजारी जाऊन पडणार आहे.” तिच्या लेखी सारे काही त्या तुकड्यात होते: घराचा हक्क आणि स्वतःची शेवटची जागा.

एतुआतीने या म्हाताऱ्याची कधी चौकशी केली नाही. शेजारच्या गावातला कोणी दात पडलेला साक्षीदार असेल, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

त्यातच महिला मंडळाची बागांची तपासणी जाहीर झाली. मागच्या खेपेस अध्यक्षीणबाईंनी या घरापुढे उभे राहून सर्वांसमक्ष विचारले होते, “काय हो एतुआती, तुमच्या अंगणात फक्त जावईच उगवतो का?” हसण्याची ती लाट त्याच्या मनातून ओसरली नव्हती. म्हणून मोएलागी डोळे दाखवायला सिएनीसह आपियाच्या इस्पितळात गेली आणि मेहुणे वरच्या मळ्यात मुक्कामाला गेले, तेव्हा या गृहस्थाने जन्मात पहिल्यांदा पहार हातात घेतली.

काम त्याने केले, हे नाकारता येत नाही. इतरांच्या अंगणातून पाहून पाहून त्याला पद्धत माहीत होती. पहारीने सुटे दगड उपटले, खाचांत नारळाचा कुजलेला काथ्या आणि जंगलातली काळी माती भरली, ‘ती’ नावाच्या लाल पानांच्या झुडपाच्या फांद्या तिरक्या खोवल्या, मधूनमधून क्रोटन लावले. काठाला मात्र गावातल्या रिवाजाप्रमाणे पांढरे रंगवलेले दगड हवे होते, आणि सारख्या आकाराचे गोटे आयते मिळाले ते अंगणाच्या कडेला, नेच्यांनी झाकलेल्या एका ढिगात. येणारेजाणारे त्या ढिगाला वळसा घालून, मान किंचित लववून जात. एतुआतीच्या मते हा निव्वळ आळस होता: ढीग हलवायचा कंटाळा. त्याने तो मोडला, गोटे चुन्यात बुडवले, आणि खालची सपाट शिळा फोडून पायरी केली.

मोएलागी परतली ती डोळ्याला पट्टी लावून. तरीही अंगणात पाऊल ठेवताच ती थबकली.

“जावईबापू, म्हातारा कुठं आहे?”

“मला काय विचारता, आत्याबाई? अजून आला नाही. येईल की कोर्टाच्या दिवशी.”

“कोण येईल?”

“तुमचा म्हातारा. साक्षीला.”

सिएनीने हातातली टोपली खाली टाकली. “अहो, इथला ढीग कुठं गेला?”

“ढीग? हा काय, वाफ्याला लावला. बघ तरी, किती शोभतोय!”

“तो माझा आजा होता,” मोएलागी म्हणाली. “त्याला थडगं म्हणत नाही आम्ही, म्हातारा म्हणतो. ज्याचा पूर्वज जमिनीत, त्याची जमीन; तोच दाखवायचा होता कोर्टाला. इतकी वर्षं जेवलास या घरात, तुला एवढं ऐकू आलं नाही?”

“थडगं म्हणजे सिमेंटचं असतं, फरशीचं,” तो म्हणाला. “क्रूसही नाही त्यावर. माणसानं ओळखायचं कसं?” आपले म्हणणे तर्कशुद्ध आहे, याचा आनंद त्याला त्याही क्षणी लपवता आला नाही.

मेहुण्यांनी रातोरात गोटे परत रचले. चुना काही निघेना. पाहणीला आलेल्यांसमोर तो शुभ्र ढीग अगदी कालचा वाटत होता, आणि वाएलुआला फारसे बोलावेच लागले नाही. “वा! तुमचे पूर्वज गेल्याच आठवड्यात वारले वाटतं,” एवढेच तो म्हणाला. कोर्टवालेही हसू आवरू शकले नाहीत. एतुआतीने पुढे होऊन खुलासा केला: दगड जुनेच आहेत, मीच हलवले, मीच रंगवले. हे सांगताना त्याचा स्वर दुखावलेल्या कारागिराचा होता. ढीग मूळचा कोठे होता, या प्रश्नावर त्याने दोनदा दोन निरनिराळ्या जागा दाखवल्या. तुकडा वाएलुआला गेला.

नियमाप्रमाणे त्याने डोक्यावर चटई पांघरून मोएलागीच्या दारापुढे क्षमेसाठी बसायला हवे होते. पण तो त्याच घरात झोपत असल्यामुळे हा विधी आपल्याला लागू होत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता, आणि तो त्याने न्याहारी करता करता मांडला.

मोएलागीने पाद्र्याला बोलावून चर्चमागची एक जागा आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितली. परक्यांच्या शेजारची, कडेची. पाद्री म्हणाला, “तिथं कातळ आहे, बाई. खणायला जड जाईल.”

चटईवरचा एतुआती सरसावून बसला. “त्याची काळजी नको, आत्याबाई. आता हात बसलाय माझा.”

मोएलागीने पाद्र्याकडे तोंड फिरवले. “मी मरेन त्या दिवशी याला होडीत बसवून त्याच्या गावी धाडा,” ती म्हणाली. “खणून झाल्यावर परत आणा, हवं तर.”