वरची कोथिंबीर

माझे बाबा दोन वर्षं लिमाच्या बाजारात घासाघीस करत होते. लिमाला ते एकदाही आले नाहीत.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तीन वर्षांपूर्वी कंपनीने मला पेरूच्या राजधानीत, लिमाला पाठवलं. बाबा नौपाड्यात एकटे. आई आधीच गेलेली. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आयुष्यभर फोरमन होते. रिटायर झाल्यावर एकच ड्युटी उरलेली, भाजी आणायची.

मी निघायच्या आधी ऑफिसने एक शीट पाठवलेली. लिमात राहायला खर्च किती येतो, कंपनी काय काय देते. भाडं, लाइट, टॅक्सी, जिम, केस कापणं, सगळं डॉलरमध्ये.
मी गंमत म्हणून बाबांना फॉरवर्ड केली.

या माणसाने झेरॉक्सवाल्याकडे जाऊन प्रिंट काढली! आणि पेन्सिल घेऊन एकेका ओळीचे रुपये करत बसले.

"अगं, भाडं एवढं? यात आपल्या बिल्डिंगचा अख्खा मजला येईल."
"बाबा, तिकडे पगारही तसेच असतात."
"आणि केस कापायला एवढे? वाढव मग केस."

मग चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "यात कांदे कुठे आहेत?"

नव्हते.

"ज्याने हा कागद केलाय ना, तो जन्मात कधी बाजारात गेलेला नाही. तू पोचलीस की शनिवारी बाजारातून व्हिडिओ लाव. खर्च किती येतो ते मी सांगतो."

लावला. लिमात शनिवारची सकाळ, नौपाड्यात दिवेलागणीची वेळ. बाबा चहाचा कप घेऊन तयारच.

एल्सा नावाची भाजीवाली होती. टोमॅटो, बटाटे, मिरच्या घेऊन झाल्या आणि फोनमधून आवाज आला, "वर थोडी कोथिंबीर टाकायला सांग."
"बाबा, प्लीज. इथे असलं काही नसतं."

लहानपणी नौपाड्यात ते भाजीवालीला हे म्हणायला लागले की मी चार पावलं लांब जाऊन उभी राहायचे, जणू ओळखच नाही. आता पार पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आलेले, तरी सुटका नाही!

"विचारायला काय जातं गं?"

विचारलं. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, मान खाली घालून.

एल्सा खळखळून हसली. "यापा!" म्हणाली आणि एक जुडी पिशवीत टाकली. खरेदी झाल्यावर वर जे फुकट देतात, त्याला तिकडे यापा म्हणतात. चक्क शब्द आहे त्यासाठी.

बाबांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.
"बघ! आपलीच माणसं आहेत. जरा लांब राहायला गेलीत, इतकंच."

मग दर शनिवारी तेच. एल्सा माझ्या हातातून फोनच काढून घ्यायची. "डॉन वसंत!" अशी हाक मारायची. डॉन म्हणजे तिकडचं आपलं 'राव'.
"एल्साबाई, गेल्या वेळची लिंबं बारकी होती हो."
ती स्पॅनिशमध्ये काहीतरी सुनावायची. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं, भांडण मात्र झकास रंगायचं. मागची गिऱ्हाइकं खोळंबायची.

मी म्हटलं, बाबा, इकडेच या ना. लगेच तयार. सत्तरी उलटल्यावर पासपोर्ट काढला, लोकरीची टोपी आणली.
मग मी त्यांच्या वयाचा इन्शुरन्स आणि तिकीट मिळून आकडा सांगितला.

"रुपयात किती?"
सांगितलं.
"नको गं. त्यापेक्षा तूच ये."

खरं सांगते, मला तेव्हा हायसं वाटलं. कामाचा डोंगर होता. म्हटलं, दिवाळीत येते.

नाही गेले. "बाबा, तिकिटं फार महाग झालीत."

खोटं होतं ते. वर्षातून एकदा घरी जायचं तिकीट कंपनीच देते. मला रजा टाकायची नव्हती. प्रमोशन तोंडावर होतं.

"हो का? मग राहू दे. भाव उतरले की ये."

पुढे गणपतीत पुन्हा तेच खोटं. पुन्हा तेच उत्तर. "भाव उतरले की ये."

नंतर एक दिवस शेजारच्या प्रधानकाकूंचा फोन आला. बाबा दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

कंपनीचं ते तिकीट मी तेव्हा वापरलं.

पोचले तोवर चुलतभावाने सगळं उरकलेलं. थांबणार तरी किती?

घर आवरताना स्वयंपाकघरात भाजीच्या पिशवीमागे, त्याच खिळ्याला टोचलेला तो कागद सापडला. घडीवर फाटायला आलेला. प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने रुपये. खाली बाबांच्या अक्षरात 'कांदे', 'लिंबं', त्यांचे लिमाचे भाव.

छापलेल्यातली शेवटची ओळ, वर्षातून एकदा मायदेशी जाण्या-येण्याचं तिकीट, कंपनीकडून.
त्यासमोर पेन्सिलीने लिहिलेलं, "फुकट". खाली दोन रेघा मारलेल्या.

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. दोन्ही वेळा मी खोटं बोलत होते तेव्हाही माहीत होतं, आणि मला कसंसं होऊ नये म्हणून ते भाव उतरायची वाट बघत असल्यासारखं बोलत राहिले.

परत लिमाला आल्यावर वर्षभर मी त्या बाजारात पाय ठेवला नाही. सुपरमार्केटमधून आणायचे.

आज गेले. एल्साने बघितल्या बघितल्या फोनसाठी हात पुढे केला. "डॉन वसंत?"

सांगितलं. तिने भाजी तोलली, वर एक जुडी टाकली. मग अजून एक टाकली. "ही त्यांची," म्हणाली.

मी रडले बाजारात. लोक बघत होते. बघू देत.

बाबा, रजा टाकलीये. पुढच्या आठवड्यात घरी येतेय. तुम्ही नसणार, माहितीये मला. खिळ्यावरची पिशवी घेऊन भाजीला मीच जाईन, आणि लाज न बाळगता वर कोथिंबीर मागेन.

उशीर केला मी. नमस्कार करते, बाबा.