काचेतलं तोंड

काल तूर निवडताना नातीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. "आजी, माझी आई दिसायला कशी होती गं?" तिनं विचारलं. सुपातल्या तुरीच्या वासानं मला माझी लेक शकू आठवली.

तिच्या लग्नाआधीची दुपार होती. माकणी गावातल्या आमच्या घरात मी अशीच तूर निवडत होते आणि शकू शाळेतलं पुस्तक वाचून दाखवत होती.

"आई, पुढं म्हणं काचेत लांबच्या माणसाचं तोंड दिसंल, बोलता बी येईल. म्या सासरी उमरग्याहून तुला रोज दिसंन."

"लिहिणाऱ्याला दुसरं काम न्हाय. तू खडे बघ."

"तू अशीच! बघ, खरं व्हतंय का न्हाय."

लग्नानंतर वर्षभरात ही नात झाली आणि त्याच बाळंतपणात शकू गेली. सवाष्णीच्या अंगावर माहेरची साडी घालून मगच अग्नी देतात, पण आम्हाला निरोप उशिरा मिळाला. हिरवी साडी घेऊन मी उमरग्याला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तिचा एक फोटोही नाही.

पुस्तकातलं खरं झालं. नातीला मी म्हणाले, "तुझ्यासारखीच होती." ते खोटं आहे. शकूचं तोंड मला आता आठवत नाही. त्या दुपारी ती बोलत होती आणि मी सुपाकडं बघत होते.