याडीची वीत

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींची टिंगल करणारा माणूस आहे. आयटीआयमध्ये एकवीस वर्षं फिटर ट्रेड शिकवतोय. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच! स्टाफरूममध्ये कुणी चकव्याची गोष्ट सुरू केली की मी विचारतो, "किती मिलीमीटरचा होता?" त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच थोडी लाज वाटतेय. पण लिहितो.

आमचं गाव पांढरकवडा. हायवेच्या जुन्या रस्त्यालगत बाबांचं हूड-कुशनचं दुकान होतं. जीपचे हूड म्हणजे कापडी टप, ट्रकच्या सीटा, ताडपत्र्या. आम्ही बंजारा, म्हणून आईला याडी म्हणतो. बाबा शाळेत गेले नव्हते, टेप त्यांना वाचता येत नसे. त्यांचं माप वितीत आणि बोटांत. एका वितीला एक रेघ, एका बोटाला एक ठिपका... निळ्या खडूनं, थेट हूडाच्या लोखंडी कमानीवर. मी शिकून आलो तेव्हा या पद्धतीला त्यांच्या तोंडावर हसलो होतो. ते खाली वाकून पुढची रेघ ओढत राहिले. माझं ते हसणं मला आजही टोचतं.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपासून याडी विसरायला लागली. एक दिवस भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "हा बुढा कोन होय? आपल्या घरात काहून टांगला?"

अख्ख्या जन्माचा संसार, आणि कोण होय! मी बाथरूमचा नळ सोडून रडलो. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, जुन्या वस्तू, जुनी कामं डोळ्यांसमोर आणत राहा, कधीकधी धागा सापडतो.

म्हणून मी ती गाडी घेतली. नागपूरला अपघातात आणि पुरात गेलेल्या गाड्यांचा लिलाव होता. त्यात एक लाल, दोन दारांची, कापडी टपाची गाडी. टप फाटून लोंबत होता. बायको म्हणाली, "अक्कल तिकडंच ठेवून आले काय?" पण मला त्या फाटक्या टपात बाबांचं दुकान दिसत होतं. याडीला समोर बसवून हूड शिवायचा, बाबा तिला आठवलेच पाहिजेत... एवढाच माझा हट्ट.

बाबांच्या बंद दुकानाचं शटर उघडलं, शिलाई मशीनला तेल दिलं. वेल्डर रफीकभाईनं कमानी सरळ करून दिल्या. इंजिन महिनाभरात सुरू झालं. हूडनं मात्र माझी पार जिरवली. स्टीलचा टेप, कागदी नमुना, सगळं केलं. पहिला हूड आखूड, दुसऱ्याला झोळ! कॅनव्हासचा एकच तुकडा उरला.

शनिवारी मी मधली कमान घासून काळी रंगवली आणि कुलूप लावून घरी आलो. रविवारी सकाळी उघडतो तर... त्या काळ्या कमानीवर निळ्या खडूच्या खुणा. सहा रेघा, तीन ठिपके. प्रत्येक रेघेचं खालचं टोक जरासं डावीकडे वळलेलं. बाबांची रेघ तशीच वळायची.

रफीकभाईला फोन लावला. तो म्हणाला, "मी कायले खडू लावू सर? मी तं मार्करनं खुना करतो."

किल्ली एकच, ती माझ्या खिशात. याडीला धरल्याशिवाय दाराबाहेर पाय टाकता येत नाही. आणि दुकानात निळा खडूच नव्हता.

मी माझ्या वितीनं मोजून पाहिलं. कमानीपेक्षा चांगली चार बोटं जास्त भरली. खरं सांगतो, हायसं वाटलं. माप चुकलंय, म्हणजे कुणीतरी थट्टा केलीय.

ठरल्याप्रमाणे दुपारी याडीला रिक्षानं आणलं, खुर्चीत बसवलं. ती कमानीकडे बराच वेळ बघत राहिली. मग धरून धरून उठली, मी पसरलेल्या कॅनव्हासवर अंगठा टेकवला आणि करंगळी ताणली. एक... दोन... सहा विती. मग तीन बोटं.

"याडी, बाबांची वीत तर मोठी होती ना?"

"मशीनची सुई घुसली तवापासून तुह्या बापाचा हात उलगडे कुठं? मंग माहीच वीत चाले दुकानात. तू तवा पुसदले होता, होस्टेलात."

बाबांचा हात पुरता उघडत नाही हे दिसायचं, पण माप याडी घेते हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मी टेप लावला. तिचं माप कमानीला तंतोतंत!

मी कात्री उचलली तशी ती म्हणाली, "थांब. एक बोट जादा धर. तुहा बाप म्हणून राह्यला, हे कापड पान्यानं आटते."

"म्हणत होते ना, याडी?" मास्तरकीची खोड, दुरुस्ती केलीच.

"होते कायले? आता म्हणून राह्यला." आणि मशीनसमोरच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहून तिनं 'ऐकलं' अशी मान हलवली.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पण भीती वाटली नाही. मला एकदम रडायला आलं.

हूड बसला. एक सुरकुती नाही. पुढच्या रविवारी टप उघडा टाकून तिला कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला नेऊन आणलं. ओढणी सावरत ती वाटभर हसत होती.

त्या खुणा कुणी केल्या, मला माहीत नाही. मी सगळे हिशेब लावून पाहिले, एकही जुळत नाही. खुणा अजून हूडाच्या आत असतील. उसवून बघायचं धाडस होत नाही.

याडीचा आजार वाढलाय. आता ती मला 'मास्तर' म्हणते, चहा घेता काय विचारते. परवा मला फोटोसमोर घेऊन गेली आणि म्हणाली, "मास्तर, हे माहे मालक. हूड शिवतेत. आमाले तुमच्याएवढाच एक पोरगा हाये."

मी म्हटलं, "ओळखतो. दोघांनाही."