बाप बगायला सोलापूरला

मंगळवेढ्याच्या स्टँडवर सकाळी सातला जाऊन बसले, तवा कळलं गाडी नवाची हाय. ईस्टी येळंवर आली तर लोकं घाबरतील, म्हनून ती साडेनवाला आली. संगं सून, लता. जायचं हुतं सोलापूरला, बाप बगायला. माजं वय ऐंशीच्या वर, आन बापाचं त्वांड अजून बगायचंच हुतं.

बाप सोलापुरात गिरणीत हुता. गिरणीच्या संघात अनवानी फुटबॉल खेळायचा. एका गोऱ्या सायबानं खेळ बगितला, पलटणीत चल म्हनला. नेला बॉल खेळायला आन हातात दिली बंदूक. लामावर (लढाईवर) ब्रह्मदेशाकडं गेला. मानूस आला न्हाय, कागद आला. मी तवा आईच्या पोटात.

आईला इचारलं, दिसायला कसा हुता गं? ती म्हनायची, "पाय सांगते." ह्यो सनासुदीला दोन दीस यायचा. दिवसा सासऱ्या-दिराम्होरं मान वर करायची सोय न्हवती, रातीला दिवा न्हवता. म्हनून तिनं नवरा घोट्यापतुर बगितला. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. तेवढाच संसार. घरात फोटू एकबी न्हवता.

आता एका क्लबाला संघाचा जुना फोटू घावला, संगं नावांची यादी, पन कोन कुटला ते लिवलेलं न्हाय. यादीत बापाचं नाव, गावाचं नाव. ग्रामपंचायतीत फोन आला, सत्कार करनार म्हनं. जिता हुता तवा कुनी इचारलं न्हाय. आता निवांत इचारत्यात.

भीमेचा पूल गेला, मंग ज्वारी, मंग नुसत्या पाट्या, म्हंजे सोलापूर आलं. बापाच्या गिरणीची चिमनी तेवढी उबी हाय. रिक्षावाल्यानं जुळे सोलापुरात नेलं आन लग्नाच्या हॉलात सोडलं. हातात अक्षदा पडल्या, मीबी टाकल्या. शेंगाची पोळी खाऊन बाहीर आलो, तवा आमचा हॉल घावला. शेजारीच हुता.

स्टेजवर भिंतीएवढा ब्यानर, त्येच्यावर त्यो जुना फोटू. संघाच्या मधल्या गड्याभवती लाल गोल, वर हार. क्लबाचे सेक्रेटरी विणकराच्या घरचे, तेलुगू बोलनारे. मला अम्मा (आई) म्हनत हुते. त्यास्नी इचारलं, ह्योच कशावरनं? म्हनले, मधी बसलाय, बॉल ह्येच्याजवळ हाय, म्हंजे ह्योच की. लई हुशार मानूस.

"आन ह्येंचं पाय कुटं हायती?" मी म्हनले.

पाय कापलं हुतं. तितं पावन्यांची नावं छापली हुती.

मी म्हनले, मूळचा फोटू दावल्याबिगर शाल घेनार न्हाय. पावनं खोळंबलं. लता माजा पदर वडाय लागली, "आत्या, लोकं बगत्यात." बगू द्या. एरवी मला कोन बगतंय.

कपाटातनं फोटू आला. मी फरशीवर बसले, चष्मा लावला. अकरा गडी, बावीस पाय. तोंडाकडं बगितलंच न्हाय. एकेक पाय बगत पार डाव्या कडंला आले. तितं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. माज्याबी पायाचं तसंच हाय, जलमात चप्पल धड बसली न्हाय.

मंग मान वर केली. वीसेक वर्साचं पोर. मिशी फुटतीय न फुटतीय, कान ह्ये मोठं. फोटू काडनाऱ्याकडं न बगता बाजूला कशाला तरी हसतंय. माज्या नातवाएवढं. ह्येला बाबा म्हनावं का बाळा, कळंना.

ब्यानरवर बरुबर त्या जागी मुख्य पावन्यांचा रंगीत फोटू चिकटवलेला.

सेक्रेटरी हळूच म्हनले, "अम्मा, ब्यानर आता बदलता येत नाही. तेवढं सांभाळून घ्या."

बाप बदलला तर चालतंय, ब्यानर न्हाय.

मंग माईक दिला, दोन शब्द बोला म्हनले. मी म्हनले, "हारातला मानूस माजा बाप न्हाय. माजा बाप पावन्यांच्या फोटूमागं हाय. पन हार काडू नका. ह्येलाबी कुनाची तरी लेक हुडकत आसंल."

टाळ्या वाजल्या. मुख्य पावनंच जोरात वाजवत हुतं. त्यास्नी वाटलं, त्यांचं कौतुक चाललंय.

शाल, नारळ आन मधल्या गड्याचा फोटू लावलेली ढाल घेऊन ईस्टीत बसलो. ढाल ठिवनार हाय, कुनाचा तरी बाप हाय. लतानं मोबाईलात मूळचा फोटू काडला हुता, दावू का म्हनली. ऱ्हाऊ दे म्हनले, बगितला की.

लोकं सोलापुरात तळं बगत्यात, देऊळ बगत्यात, चादरी घेऊन येत्यात. मी बाप बगून आले. आईनं पाय बगितलं, मी त्वांड बगितलं. दोगींत मिळून एक मानूस पुरा झाला.