मोरिता-सानच्या पाठीवरचा माझा हात

डिसेंबर नुकता लागला होता. टपालाच्या पेटीत एक करड्या रंगाचं कार्ड पडलं होतं, कोपऱ्यात फुलाचं फिकट चित्र. मला जपानी वाचता येत नाही, पण पाठवणाऱ्याच्या नावातली पहिली दोन अक्षरं ओळखली. मोरिता. माझ्या योगवर्गाच्या हजेरीत ही दोन अक्षरं मी पाच वर्षं बघत आलो होतो. इथे नववर्षाची कार्डं पाठवायची पद्धत आहे, त्यातलंच हे असणार असं मला वाटलं. वर्गाला तीन महिने दांडी, आणि आता कार्ड! सून ऑफिसातून आली तसं मी ते तिच्या हातात दिलं. म्हटलं, "वाच. आली तुझ्या मोरिता-सानला गुरूची आठवण." मृणालनं वाचलं. परत वाचलं. पाठीवरची बॅग न काढता खुर्चीत बसली. "बाबा, हे शुभेच्छांचं नाहीये... उलटं आहे. घरात कुणी गेलं की यंदा आमच्याकडून शुभेच्छा नाहीत, असं आधी कळवतात. त्यांच्या बहिणीनं पाठवलंय. मोरिता-सान गेले. ऑक्टोबरमध्येच." मी तिच्यावरच ओरडलो, "मग आत्ता कळवतात होय?" ती म्हणाली, "घरातल्या घरात उरकलं असेल. इथे असंच करतात हल्ली." ऑक्टोबर... म्हणजे मी इतके दिवस मेलेल्या माणसावर रुसून बसलो होतो.

मी मूळचा इचलकरंजीचा. शाळा चौथीत सुटली, मागावर लागलो. पाळी संपली की व्यायामशाळेत जायचो, तिथे एक गुरुजी आसनं शिकवायचे. पुढे वाकताना कोणी कुचराई केली की ते पाठीवर हात ठेवून असा भार द्यायचे की कपाळ गुडघ्याला टेकायचंच. आम्हाला तो हात म्हणजे प्रसाद वाटायचा. पुढं मीही तिथेच तीस-एक वर्षं पोरांना शिकवलं. बायको गेल्यावर मुलानं मला इथे जपानात, इचिकावा शहरात आणलं. भाषा नाही, ओळख नाही. दिवसभर बाल्कनीतून खालच्या सायकली बघत बसायचो. शेवटी मृणालनंच वॉर्डातल्या सार्वजनिक हॉलमध्ये शनिवार सकाळचा तास मिळवून दिला आणि माझं बोलणं जपानीत सांगायला सोबत येऊ लागली. सात-आठ जण येऊ लागले, सगळे साठीच्या पुढचे. मला सेन्सेइ म्हणायचे, म्हणजे गुरुजी. खोटं कशाला बोलू, ते ऐकलं की आठवडाभर मान ताठ राहायची.

मोरिता-सान त्यातलाच. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, लग्न न केलेला, बहिणीबरोबर राहणारा. जन्मभर रेल्वेगाडी चालवलेली. इथल्या ड्रायव्हरना शिस्त असते, सिग्नल दिसला की त्याच्याकडे बोट करून मोठ्यानं "योशी" म्हणायचं, म्हणजे सगळं ठीक. ही सवय त्यानं आसनांना लावली. मॅट घातली, बोट, योशी. आसन संपलं, गुडघ्याकडे बोट, योशी. बायका तोंडावर हात धरून हसायच्या. मी मृणालला म्हटलं, "सांग त्याला, हे आसन आहे, स्टेशन नाही." तिनं सांगितलं. त्यानं गंभीरपणे मान लववली, उत्तर दिलं, आणि मृणालच हसायला लागली. "ते म्हणतात, सेन्सेइ, इतक्या वर्षांत माझी गाडी कधी घसरली नाही. आता शरीर घसरू देणार नाही." तास संपला की आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसायचो. तो मशीनमधला गरम चहाचा डबा माझ्या हातात द्यायचा. तो जपानीत बोलायचा, मी मराठीत. त्याला माझं एक अक्षर कळत नव्हतं, मला त्याचं. तरी इथे आल्यापासून एवढं मी कुणाशीच बोललो नाही.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे लिहायला बसलो. उन्हाळा संपता संपता पश्चिमोत्तानासन चाललं होतं. पाय पसरून बसायचं, पुढे वाकायचं. मोरिता-सानचे हात नडगीवर थांबले होते. मागच्या शनिवारी पावलाला पोचले होते, आज नाहीत. मला वाटलं आळस. मी मागे गेलो, पाठीवर हात ठेवला आणि भार दिला. विचारलं, "दाइजोबु?" म्हणजे ठीक ना? तो म्हणाला, "दाइजोबु." मी आणखी दिला. परत विचारलं, परत तेच उत्तर. इथली माणसं दुखतंय असं गुरूच्या तोंडावर म्हणत नाहीत, हे मृणालनं मला शंभरदा सांगितलं होतं. पण मला हातानं कळतं, अशी माझी घमेंड. त्याची बोटं अंगठ्याला लागली तेव्हा सोडलं. तो हळूहळू सरळ झाला, माझ्याकडे बघून हसला, वाकून नमस्कार केला. पण गुडघ्याकडे बोट केलं नाही. योशी म्हणाला नाही. ते मी पाहिलं. पाहून पुढच्या माणसाकडे गेलो.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मृणाल म्हणाली, "बाबा, फोन करून विचारू का?" मी म्हटलं, "काही गरज नाही. शिष्यानं गुरूकडे यायचं असतं." चार वेळा तरी विचारलं असेल तिनं. मी दर वेळी तेच. आतून मला पक्कं माहीत होतं की माझ्या हातानं काहीतरी झालंय, आणि विचारलं तर ते ऐकावं लागेल.

कार्ड आल्यावर मात्र मीच म्हटलं, त्याच्या घरी जायचं. बहीण लहानखुरी, पाठीत वाकलेली. भिंतीशी त्याचा फोटो, रेल्वेच्या टोपीतला. मी उदबत्ती लावली. मग मृणालला म्हटलं, "विचार हिला. मी त्याची पाठ दाबली होती. त्यानं काही झालं का?" मृणाल कुजबुजली, "बाबा, असं कसं विचारू त्यांना?" म्हटलं, "जसं बोललो तसंच विचार." तिनं विचारलं. बहीण घाईघाईनं हात हलवत म्हणाली, नाही, नाही. पोटातला आजार होता, वसंतातच कळला होता. सेन्सेइंना सांगू नकोस म्हणाला होता, नाहीतर ते मला सांभाळून शिकवतील. मी पुन्हा विचारायला लावलं, आणि पाठ? ती हसली. दाइजोबु.

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तोच शब्द, तसंच हसू. ती खरं बोलली की मला सांभाळून घेतलं, हे मला कळलं नाही आणि आता कधी कळणारही नाही. परतताना मृणाल म्हणाली, "आजारच होता, बाबा. तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका." ज्याला विचारायचं होतं, तो जिवंत असताना विचारलं नाही, त्याचं ओझं आजारावर कसं टाकू?

परवाच्या शनिवारी हॉलमध्ये गेलो. खिडकीजवळची जागा रिकामी होती. ती कुणी घेत नाही, कुणी सांगितलेलंही नाही. पश्चिमोत्तानासनाची वेळ आली. सगळे वाकले आणि सवयीनं माझ्या हाताची वाट बघत थांबले. मी कुणाच्या मागे गेलो नाही. त्या रिकाम्या जागी जाऊन बसलो आणि पाय पसरले. हे आसन मी गेली तीन वर्षं उभं राहूनच शिकवलं, कारण माझे स्वतःचे हात पायाला पोचत नाहीत. हे मी मुलाला सांगितलं नव्हतं, मृणालला नव्हतं, कुणालाच नाही. वाकलो. हात नडगीवर थांबले. कंबरेत कळ आली. मृणाल लगेच पुढे झाली, "बाबा, दुखतंय का?"

"हो," मी म्हटलं. "दुखतंय." आणि तिला सांगितलं, हे सगळ्यांना जपानीत सांग.