काकांच्या गाडीचं ॲव्हरेज

आमच्या गॅरेजच्या मागे एक निळं पिंप आहे. गाड्यांमधून काढलेलं काळं ऑईल आम्ही त्यात ओततो. ते भरायचं असं कुणी ठरवत नाही, पण एक दिवस झाकण उघडावं तर पिंप काठोकाठ! किश्श्यांचंही तसंच होतं. रोज थोडं थोडं साठत जातं.

मित्र चहाच्या गाड्यावर म्हणतात, "सचिन, सांग की तो काकांच्या गाडीचा किस्सा." चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. नववीत शाळा सुटली त्याचंही एक कारण हेच, सर उभं करायचे आणि मी नुसताच उभा राहायचो. लिहिताना बरं असतं. कुणी बघत नाही.

गाडी भानुदासकाकांची. पांढरी, सात सीटची, जुनी टर्बो डिझेल. काकांचं गाव उजनी धरणाच्या पाण्याच्या काठावर, शेतात केळी आणि ऊस. काकूंचं माहेर सोलापूर, त्यामुळे येणंजाणं कायमचं, आणि गाडी दाखवायची ती फक्त आमच्या लतीफ उस्तादांना. उस्ताद गॅरेजचे मालक, माझे गुरू.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला काका गाडी घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. गाडी लिटरला दहासुद्धा देत नव्हती, आणि काकूंनी शेवटचं सांगून टाकलं होतं. पंधराच्या वर ॲव्हरेज पडलं तर गाडी राहील. नाही पडलं, तर ती अकलूजच्या पाहुण्यांना द्यायची. हे पाहुणे म्हणजे काकूंचे मावसभाऊ. त्यांचा दुधाचा धंदा. त्यांना मागच्या सीटा काढून गाडीत दुधाचे कॅन ठेवायचे होते.

"उस्ताद," काका म्हणाले, "माझ्या गाडीत दूध बसवू नका."

* * *

पहिली गोष्ट शिट्टीची.

काकांना गाडीबद्दल शंभर तक्रारी होत्या, पण एका गोष्टीचा अभिमान होता. पाय दाबला की बॉनेटमधून विमानासारखी शिट्टी यायची. काका म्हणायचे, टर्बो असा पाहिजे, लांबून कळला पाहिजे.

उस्तादांनी बॉनेट उघडलं, मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं आणि हात घालून एक जाड रबरी पाइप चाचपला. टर्बोची हवा इंजिनात नेणारा पाइप खालच्या बाजूने वीतभर फाटला होता. हवा बाहेर, धूर काळा, डिझेल फुकट.

"काका, ये टर्बो नै बोलता," उस्ताद म्हणाले. "ये पाइप रोता."

नवा पाइप टाकला. धूर गेला, गाडी पळायला लागली, शिट्टी बंद झाली. आठवडा झाला नाही तोवर काका परत हजर. गाडी झकास आहे म्हणाले, पण शिट्टी परत बसवता येईल का?

झालं होतं असं, की काकांची गाडी पाटाच्या वळणावर आली की शिट्टी घरापर्यंत ऐकू जायची आणि काकू चुलीवर चहा ठेवायच्या. आता काका थेट दारात उभे, तरी चहाचा पत्ता नाही.

उस्तादांनी सुचवलं, वळणावर हॉर्न वाजवत जा.

काकू गॅरेजमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हॉर्न दूधवाला बी वाजवतो. त्याला बी चहा द्यायचा का?"

* * *

मग वजन. उस्तादांचं म्हणणं, गाडीत नको ते ओझं असेल तर ॲव्हरेज कुठून येणार? मला सांगितलं, डिकी रिकामी कर.

डिकी उघडली. पाण्यातली मोटार. केबलचं भेंडोळं. पाइपाचे तुकडे. पहार. चाकाला लावायचा दगड. अर्धं पोतं ज्वारी.

आता उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागे मागे सरकतं, आणि काठावरची माणसं आपल्या मोटारी घेऊन पाण्याच्या मागे मागे सरकतात. एक मोटार पाण्यात, दुसरी सोबतीला. ती दुसरी मोटार काकांच्या डिकीत किती वर्षं होती हे त्यांनाही सांगता येईना. ज्वारीचं तर ते म्हणाले, मोटार हलून आवाज करती म्हणून टेकण लावलंय.

सगळं खाली उतरवलं आणि गाडीची मागची बाजू जी वर उठली! ओझ्याने मागची बाजू बसते म्हणून उस्तादांनीच कधीतरी स्प्रिंगचे जास्तीचे पाटे घातले होते. आता गाडी अशी दिसत होती, जणू कोंबडी दाणे टिपायला वाकली आहे.

नेमके त्याच दिवशी अकलूजचे पाहुणे गाडी बघायला आले. रिकाम्या डिकीत टेप टाकून मापं घेतली आणि खूश होऊन काकूंना म्हणाले, "आक्का, आता तर दोन कॅन जास्त बसत्यात."

त्या दिवशी काका जेवले नाहीत. निदान गॅरेजमध्ये तरी नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा त्यांचा डबा आम्हीच संपवला.

* * *

आता ॲव्हरेज मोजायचं कसं? टाकी फुल करायची, गाडी चालवायची, परत फुल करायची. सोपं आहे. मी काकांना तसं नीट सांगितलं होतं, म्हणजे मला जेवढं नीट सांगता येतं तेवढं.

पहिल्यांदा काका मोजून आले तर सात! उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. एवढं काम करून सात?

दुसऱ्या वेळी आले तर सव्वीस. काका पेढे घेऊनच आले होते. काकू मागून उतरल्या आणि म्हणाल्या, "उस्ताद, गाडीच हाय न्हवं ही? का सायकल केली?"

मग मी काकांबरोबर पंपावर गेलो तेव्हा उलगडा झाला. नळी कट् करून थांबली की काका उतरायचे आणि गाडीला मागून धरून गदागदा हलवायचे. पंपावरची दोन पोरं येऊन हात लावायची. आत हवा राहती म्हणे, ती बाहेर काढायची. मग आणखी डिझेल बसायचं. आमच्याकडे मोटरसायकलवालेसुद्धा असंच करतात, त्यात काही नवल नाही. पण काकांनी पहिल्या वेळी आधी न हलवता भरलं आणि नंतर हलवून भरलं. दुसऱ्या वेळी उलटं. पंपावर पोरं होती का नव्हती, त्यावर ॲव्हरेज ठरत होतं.

उस्तादांनी पेढे मात्र परत दिले नाहीत.

* * *

एक किस्सा उस्तादांचाही आहे. तो त्यांच्यासमोर सांगायचा नसतो.

हलवाहलवी बंद केल्यावर खरं ॲव्हरेज निघालं साडेबारा. म्हणजे अजून कुठेतरी गळत होतं. उस्तादांनी तापमानाचा काटा बघितला. गाडी कितीही पळवा, काटा तळाला. इंजिन गरमच होत नव्हतं आणि थंड इंजिन डिझेल जास्त खातं. उस्तादांनी पाइप सोडवला, तर आत थर्मोस्टॅटचा वॉलच नाही, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत थंड पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह.

उस्ताद तापले. कोणत्या गाढवाने वॉल काढला? त्या मिस्त्रीला गाडीला हात लावू द्यायचाच कशाला? असल्या लोकांमुळे धंदा बदनाम होतो, वगैरे.

काका ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "उस्ताद, तवा लई ऊन हुतं. तुमीच म्हणला, सोलापुरात वॉल कशाला पायजे."

उन्हाळ्यात गाडी तापली की वॉल काढून टाकायचा, ही आमच्या भागातली जुनी रीत आहे. उस्तादांनी कितीतरी गाड्यांचे काढले असतील. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सचिन, नया वॉल ला. और वो गधे का नाम किसीकू बोलना नक्को."

वॉल बसवताना त्यांनी काकांना एक सल्ला दिला, उन्हाळाभर एसी बंद ठेवा. इतके दिवस प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारे काका तेवढ्यापुरते ताठ झाले.

"काय बी काढा, काय बी घाला. एसीला हात लावायचा न्हाय."

आम्हाला वाटलं, वय झालं, गरमी सोसत नसेल.

* * *

मग राहिला काकांचा पाय. काका ॲक्सिलरेटर दाबत नसत, त्याच्यावर उभे राहत. उस्तादांनी मला सांगितलं, होटगी रस्त्याला यांच्या शेजारी बसून जा आणि हळू पाय ठेवायला शिकव.

वडिलांच्या वयाच्या माणसाला काय शिकवायचं? काकांनी जोरात पाय दिला की मी म्हणायचो, "काका..."

काका माझ्याकडे बघायचे. "काय रं?"

"काही नाही."

सगळा रस्ता हेच चाललं. परत आलो तेव्हा मला वाटलं, आता उस्ताद मला बोलणार. पण काकाच आधी उतरले आणि म्हणाले, "उस्ताद, पोरगं लई झ्याक शिकवतंय. नुसतं काका म्हनलं की पाय आपसूक वर येतोय."

तेव्हापासून गॅरेजमध्ये कुणी चुकलं की बाकीचे नुसतं "काका..." म्हणतात.

* * *

आता शेवटचा.

सगळं झालं, तरी ॲव्हरेज तेराच्या पुढे सरकेना. पाइप नवा, वॉल नवा, फिल्टर नवे, चाकांत हवा बरोबर, डिकी रिकामी. उस्तादांना रात्रीची झोप लागेना. अकलूजच्या पाहुण्यांचा फोन आला होता, रविवारी गाडी न्यायला येतो म्हणून. काकूंनी नाही म्हटलं नव्हतं.

शनिवारी काका-काकू गावाकडे परत निघाले तेव्हा उस्ताद मला म्हणाले, तू मागच्या सीटवर बस. इथे टाकी फुल कर, त्यांच्या गावाजवळच्या पंपावर परत फुल कर, आणि एसटीने परत ये. मधे काय होतं ते डोळ्यांनी बघ.

सोलापुरात टाकी भरली, न हलवता. काकांनी अशी गाडी चालवली की मला एकदाही "काका" म्हणावं लागलं नाही. तापमानाचा काटा मधोमध स्थिर. मोहोळ मागे पडलं आणि काकूंची मान खिडकीकडे कलली. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो. सोळा तर नक्की, कदाचित सतरा. आता पंप आला की झालं.

पंप आला. काका थांबलेच नाहीत.

गाडी डांबरी सोडून खालच्या कच्च्या वाटेला लागली. केळीच्या बागेच्या कडेने पाण्यापर्यंत गेली आणि बाभळीच्या सावलीत उभी राहिली. काकांनी सावकाश हँडब्रेक ओढला. गाडी बंद केली नाही.

मी म्हणालो, "काका, गाडी..."

काकांनी ओठावर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी काकूंकडे खूण केली.

"बंद केली की जागी होती," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "घरी हिचा डोळा न्हाय लागत. रानातली लाईट कवा येती नेम न्हाय. आली की ही मोटार चालू करायला उठती. गेली की बगायला उठती. झोपती ती हितंच, गाडीत."

मी विचारलं, रोज?

"बाजारातनं येताना, देवळातनं येताना. ही झोपली की हितं आणून लावतो. तास, दीड तास."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी पुढे वाकून म्हणालो, "काका, पण डिझेल जळतंय की."

मी काहीतरी वेडंवाकडं बोललो असल्यासारखं काकांनी बघितलं. "उबी गाडी काय खाती रं? चाक फिरतंय का?"

समोर लांबवर एक होडी जाळं ओढत होती. गाडीत एसीचा बारीक आवाज आणि इंजिनची घरघर. शिट्टी नाही, हादरा नाही. आम्ही गाडी खरंच चांगली केली होती.

उद्या रविवार. काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते, पाहुणे आत्ताच येऊन चावी मागतील असे.

बऱ्याच वेळाने काकू बोलल्या. मान तशीच खिडकीला, डोळे मिटलेले.

"एसी बारीक करा जरा."

काका जागच्या जागी थिजले. माझ्याकडे आरशातून बघायला लागले.

"आन् अकलूजला फोन करा," काकू म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच. "म्हनावं, गाडी न्हाय द्यायची."

काकांनी एसी बारीक केला. गाडी चालूच ठेवली.