बाबा घरी असतात

आमच्या घराण्यात देव्हाऱ्यात कुळदेवी होती आणि देव्हाऱ्याबाहेर कचेरी. आजोबा यवतमाळच्या कचेरीत कारकून, त्यांचे वडीलही कारकून, मोठे काका तर हेडक्लार्क. मुलगा जन्मला की त्याचं अक्षर कसं निघेल याची चर्चा बारशालाच सुरू व्हायची. अशा घरातल्या माझ्या वडिलांनी ऐन छत्तिशीत, धडधाकट असताना, कायम झालेली सरकारी नोकरी सोडली आणि पुन्हा कुठलीच धरली नाही. ते घरी बसले. 'बसले' हा लोकांचा शब्द. आम्हा दोघी बहिणींना ते बसलेले क्वचितच दिसले.

छप्पन साली आमचा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि कचेऱ्यांमधून माणसांची उलथापालथ सुरू झाली. आम्ही तेव्हा पांढरकवड्याला राहत होतो. बाबा तहसील कचेरीत आणि आई तिथल्याच सरकारी दवाखान्यात नर्स. ती नुसती दवाखान्यात थांबत नसे, आसपासच्या गावांतून, कोलामांच्या पोडांवरून, बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून बाळंतपणाची बोलावणी येत आणि ती आपली सुइणीची पेटी घेऊन बैलगाडीत बसून जाई. तिच्यामागं आम्हाला आजी सांभाळायची. त्या पावसाळ्यात आजी वारली आणि दिवाळीनंतर बाबांच्या हातात बुलढाण्याच्या बदलीचा हुकूम पडला.

यात कुणी कुणाला विचारायचं असं काही नव्हतं. नवऱ्याची बदली झाली की बायकोनं भांडी बांधायची. नोकरी करणारी बायको असेल तर भांड्यांआधी राजीनामा, एवढाच फरक. मोठे काका यवतमाळहून आले ते आईच्या राजीनाम्याचा मसुदा खिशात घेऊनच. हेडक्लार्कच ते. बाबांनी तो शांतपणे वाचला आणि आईला विचारलं, तुला सोडायची आहे का? आई डाळ निवडत होती. ती म्हणाली की मुकुटबनच्या रस्त्यावर या महिन्यात चौघींचे दिवस भरत आले आहेत, त्यातली एक पहिलटकरीण आहे आणि अंगानं फार बारीक आहे.

बाबांनी विचाराला दोन दिवस घेतले. मग त्यांनी काकांना आपला विचार सांगितला. घरात पोरींजवळ कुणीतरी एक हवं, हे त्यांना मान्य होतं. फक्त ते कुणी, याचं उत्तर त्यांनी वेगळं काढलं होतं.

"दादा, माझ्या खुर्चीसाठी कचेरीच्या दारात दहा जण टपून उभे आहेत," ते म्हणाले. "हिच्या पेटीसाठी मला एक तरी उभी दाखवा."

काकांना दाखवता आली नाही, म्हणून ते चिडले. तू काय करून राहिला आहेस हे तुला समजते का, असं त्यांनी नाना तऱ्हांनी विचारून पाहिलं. बाबांना समजत होतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी कचेरीच्या किल्ल्या परत केल्या आणि येताना बाजारातून नवा तवा घेऊन आले.

आमच्या लोकांत पुरुषानं घरी असायला तीनच कारणं चालत. दुखणं, पैसे खाल्ल्याबद्दल निलंबन, नाहीतर वैराग्य. बाबांचा आहार पाहता वैराग्य कुणी खरं मानलं नसतं. निलंबनाची कुजबुज मात्र लगेच सुरू झाली आणि ती यवतमाळपर्यंत पोचली. घराण्याच्या अब्रूला डाग नको म्हणून काकांनी परस्पर पहिलं कारण निवडलं. धाकट्याचं हृदय नाजूक आहे, डॉक्टरांनी संपूर्ण विश्रांती सांगितली आहे, असं ते चार ठिकाणी बोलले आणि चारांचं चाळीस व्हायला वेळ लागला नाही. आम्हाला हे कळलं तेव्हा बाबा परसात लाकडं फोडत होते.

सुरुवातीचा त्यांचा स्वयंपाक खाणं हे आमचंही धैर्यच होतं. भाकरी थापताना ती त्यांच्या हातात नकाशासारखी सगळीकडून फुटायची. पण कारकुनाची चिकाटी त्यांच्या अंगात होती. बिघडलं की का बिघडलं ते आईला विचारत, आईला माहीत नसेल तर शेजारच्या काकूंना दारातून विचारत, आणि लाजत नसत. वर्षभरात त्यांच्या हातच्या वरणाला आईच्या वरणापेक्षा चव आली, हे मी आईच्या देखत म्हणत असे. आमच्या वेण्या घालणं, तापात उशाशी बसणं, दळण, पाणी, सगळं त्यांच्याकडे होतं. आईची कात्री, चिमटे आणि दोरा उकळून स्वच्छ फडक्यात बांधून ठेवणं हेही त्यांनी शिकून घेतलं. ते काम झाल्याशिवाय ते सकाळचा चहा घेत नसत.

बाजारात भाजीवाल्या बाया त्यांची मजा करायच्या. एकीनं एकदा मोठ्यानं विचारलं, "काहो बाबू, बाईले बरं नाही काय? तुमी काहून येऊन राह्यले रोज?" बाबांनी सांगितलं की बाई तिच्या कामावर गेली आहे आणि मी माझ्या कामावर आलो आहे. बाया हसल्या, पण त्या दिवशी पिशवीत मूठभर सांबार जास्त पडलं. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि ती फुकट मिळणं म्हणजे बाजारानं माणूस आपला मानणं. शाळेत बाईंनी विचारलं, तुझे वडील काय करतात, तर मी ताठ उभी राहून सांगायची, बाबा घरी असतात. पोरी फिदीफिदी हसायच्या. मला कधी रडू आलं नाही. ज्यांच्या घरी दुपारी कुलूप असे किंवा वडील घरी आले की सगळे चिडीचूप होत, त्यांनी मला हसावं याचंच मला हसू यायचं.

अशी सहा-सात वर्षं गेली आणि ताई लग्नाची झाली. काकांनीच स्थळ आणलं. अमरावतीचं घराणं, तेही कचेरीतलंच, मुलगा बांधकाम खात्यात. असं स्थळ आमच्या दारात पुन्हा येणार नाही, हे काकांनी बजावून सांगितलं होतं. वडिलांच्या हृदयाचं त्यांच्या कानावर आहे, तेवढं सांभाळून घ्या, असंही ते म्हणाले. बाबांनी पाहुणे किती येणार तेवढं विचारलं. ताईच्या मनात हे स्थळ भरलं होतं. तिनं मुलाचा फोटो दोनदा पाहिला होता आणि तिसऱ्यांदा मी तिला पकडलं होतं.

रविवारी दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. बैठकीत सतरंजी अंथरली होती. ताई नुकतीच पाटावर येऊन बसली होती, तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. मुकुटबनच्या रस्त्यावरच्या तांड्यातला म्हातारा होता. तांड्यातले लोक आपसांत गोर बोली बोलत, आमच्याशी वऱ्हाडी, पण आईला सगळे याडीच म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

"याडी, बेगीन चाल," तो दारातूनच म्हणाला. "पोरीले सकाळपासून कळा येऊन राह्यल्या. मोकळी होऊन नाही राह्यली."

मुलगी दाखवताना मुलीची आई घरात नसणं म्हणजे काय, हे मला त्या वयातही कळत होतं. काका आईकडे डोळे वटारून पाहत होते. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी आतून पेटी आणून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, जा, इथलं मी पाहतो. आई पाहुण्यांना नमस्कार करून गाडीत बसली. गाडी हलली आणि बाबांच्या लक्षात आलं की उकळलेल्या हत्यारांचं गाठोडं चुलीजवळच राहिलं. त्यांनी ते उचललं, धोतराचा सोगा खोचला आणि गाडीमागं जी धाव ठोकली ती नाक्यापर्यंत. खिडकीतून सगळ्यांना ती नीट दिसली.

मुलाच्या वडिलांनी हळूच विचारलं, यांना हृदयाचा विकार आहे ना? काका घाम पुसत म्हणाले, डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलं आहे. "चालायला?" ते गृहस्थ म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

विषय बदलायला आत्याबाईंनी पोह्यांची तारीफ केली आणि रीतीप्रमाणे विचारलं, कोणी केले. याला उत्तर ठरलेलं असतं. करणारी कुणीही असो, केलेले मुलीनंच असतात. काकांनी ते दिलंही. ताईनं मान वर केली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज साफ होता.

"मी फक्त ताटल्या आणल्या. पोहे बाबांनी केले. रोज तेच करतात. त्यांना काही झालेलं नाही, आईची नोकरी चालावी म्हणून त्यांनी स्वतःची सोडली."

त्या क्षणी ताई मला जेवढी आवडली तेवढी ना त्याआधी आवडली होती, ना इतक्या वर्षांत नंतर. तेवढ्यात बाबा धापा टाकत परत आले. त्यांनी एकेकाचा चेहरा पाहिला, काय झालं ते ओळखलं आणि विचारलं, चहा टाकू ना? पाहुण्यांनी चहा घेतला, कळवतो म्हणाले आणि गेले.

आई दुसऱ्या दिवशी सकाळी परतली. मूल आडवं होतं, पण बाळ-बाळंतीण दोघंही सुखरूप होती. तिनं पेटी खाली ठेवून पहिला प्रश्न ताईच्या स्थळाचा केला. बाबांनी सगळं सांगितलं. आई बराच वेळ न्हाणीत हात धूत राहिली.

आठवड्यानं काका निरोप घेऊन आले. मुलगी पसंत होती. मुलाला तर फारच पसंत होती. वडील घरी असतात तेही त्यांनी पोटात घातलं होतं, तब्येतीपायी लवकर सेवानिवृत्त म्हणून खपून जाईल म्हणाले. अट एकच होती. विहीणबाई अशा वेळी-अवेळी कुणाच्याही गाडीत बसून जातात हे चारचौघांत बरं दिसत नाही, तेव्हा लग्नाआधी त्यांनी नोकरी सोडावी. काका म्हणाले, पोरीच्या सुखापुढं एवढं काय. तेव्हा आम्ही जेवत होतो. बाबा वाढत होते.

आईनं हातातला घास ताटात ठेवला. तिनं ताईकडे पाहिलं आणि म्हणाली, "सोडते मी." तिच्या आवाजात रुसवा नव्हता, रागही नव्हता. तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं, आणि तेच मला सहन झालं नाही.

बाबांनी पळी भांड्यात ठेवली. आमच्या घरात आवाज कधी चढत नसे, तो तेव्हाही चढला नाही.

"दादा, या घरातून एकानं नोकरी सोडायची होती. ती मी सोडलेली आहे. आता दुसरं कोणी सोडणार नाही."

काका म्हणाले, अरे, पण पोरीचं वाटोळं होईल. स्थळ आपणहून हातात आलं आहे, तिला तरी विचारशील? बाबांनी मान डोलावली, तो प्रश्न त्यांना रास्त वाटला. त्यांनी ताईकडे वळून विचारलं. आई तिला मानेनंच खुणावत होती, हो म्हण, हो म्हण. ताईनं डोळे पुसले. फोटोतला तो मुलगा तिला खरंच आवडला होता, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. मग तिनं भाकरीसाठी ताट पुढं केलं.

"काका, त्यांना कळवा," ती म्हणाली. "आणि नीट सांगा. नकार मुलीकडून आहे."